दुखणे शिरेचे

दसऱ्याच्या दिवशी झेंडूच्या माळेवाचून राहिलेले वाहन गोमंतकात क्वचितच आढळेल. सकाळी गाडी धुतली जाते, बॉनेटवर हळदकुंकू वाहिले जाते, नारळ वाढवला जातो, चाकांखाली लिंबे ठेवून गाडी चार हात पुढे नेली जाते आणि घरधन्याला कर्तव्यपूर्तीचे समाधान लाभते. ज्या बॉनेटवर हळदकुंकू वाहिले ते वर्षातून एकदा उघडून आत डोकवावे, असे मात्र फारच थोड्यांच्या मनात येते. पूर्वी खंडेनवमीला शस्त्रे पुजली जात, तेव्हा ती आधी घासूनपुसून, गंज काढून, तेलाचा हात फिरवून पाटावर मांडली जात. पूजा ही देखभालीची सांगता होती. आज सांगता तेवढी उरली आहे. देखभाल आम्ही दुसऱ्याच्या हाती सोपवून मोकळे झालो आहोत. या सवयीची किंमत काय असते, याचा धडा आम्हांला आमच्या अंगणापासून हजार-अकराशे किलोमीटरांवर, महाकालाच्या नगरीत मिळाला. वाचकांपैकी अनेकांवर तशीच वेळ येण्याचा संभव असल्यामुळे तो येथे मांडीत आहोत.

कोल्हापूर, पुणे, धुळे, इंदूर अशी मजल-दरमजल करीत आम्ही सहकुटुंब उज्जैनला पोहोचलो. पहाटेच्या भस्मआरतीसाठी रात्री तीनच्या सुमारास मुक्कामाच्या जागेहून निघायचे म्हणून किल्ली फिरवली, तो ‘टक्’ असा एकच आवाज झाला आणि पुढे सारे शांत! दिवे लागत होते, भोंगा वाजत होता. इंजिन मात्र हलायला तयार नव्हते. सोबत वृद्ध माणसे, गाव परके, वेळ अपरात्रीची. आरती अर्थातच हुकली. उजाडल्यावर ज्याला बोलावले त्या कारागिराने गाडीत न डोकावताच ‘बॅटरी गेली’ असा निकाल दिला. आम्ही निमूटपणे नवी बॅटरी घेतली, जुनी त्याच्या हवाली केली, आणि गाडी सुरू झाल्याचे पाहून त्याला दुवाही दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच ‘टक्’ आणि तीच शांतता.

अखेर शेजारच्या चहावाल्याने एका वयोवृद्ध वायरमनला गाठून आणले. गृहस्थ मराठी बोलणारे निघाले. त्यांचे पूर्वज शिंदेशाहीच्या काळात माळव्यात येऊन स्थिरावले होते आणि त्यांच्या मराठीला माळव्याची गोड झाक होती. त्यांनी आम्हांला किल्ली दोनदा फिरवायला लावली आणि मग बॅटरीपासून निघणारी जाड लाल केबल बोटांनी चाचपली. टोकाशी ती चांगलीच तापली होती. चाकूने वरचे आवरण चार बोटे चिरले, तो आतून हिरवट-निळी भुकटी गळू लागली. तांब्याच्या तारांपैकी निम्म्याअधिक कुजून गेल्या होत्या. ‘साहेब, दुखणं शिरेत होतं आणि तुम्ही काळीज बदललंत,’ असे म्हणून ते हसले. अर्ध्या तासात त्यांनी नवी केबल चढवली. मग बॅटरीकडून गाडीच्या सांगाड्याला जाणाऱ्या काळ्या केबलकडे बोट दाखवून म्हणाले, ‘हिचंही वय झालंय. एवढी मात्र घरी गेल्यावर तुमची तुम्ही बदला. जमेल.’

हे ‘जमेल’ हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम हे दुखणे काय आहे ते समजून घेतले पाहिजे. नेहमीची शिसे-आम्लाची बॅटरी सहा घरांची असते. प्रत्येक घर दोन व्होल्टांहून किंचित अधिक दाब देते आणि पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टांच्या आसपास भरतो. पुढचे दोन्ही दिवे लावले तर केबलमधून नऊ-दहा अँपिअरचा प्रवाह वाहतो. परंतु थंड पडलेले इंजिन फिरवायला स्टार्टरला दीडशे-दोनशे अँपिअर लागतात. केबलच्या टोकाशी गंज चढून तेथे एका ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा निर्माण झाला असे धरू. दिव्यांच्या प्रवाहाला त्याची बाधा जाणवणारही नाही, कारण दाब एका व्होल्टाच्या दहाव्या हिश्श्यानेही घटत नाही. स्टार्टरच्या दीडशे अँपिअरना मात्र तोच अडथळा दीड व्होल्टांची खोट आणतो. आधीच त्या ओढीने बॅटरीचा दाब खाली आलेला असतो. त्यात ही खोट पडली की स्टार्टर हात टेकतो. दिवे लागतात आणि इंजिन फिरत नाही, या कोड्याचा हा असा उलगडा आहे. नवी बॅटरी बसवल्यावर गाडी एक दिवस चालली तीही चमत्काराने नव्हे. बॅटरी बदलताना टोके घासली गेली, चिमटे आवळले गेले आणि रोग्याला घटकाभर हुशारी वाटली, एवढेच.

हे दुखणे आम्हा किनारपट्टीवासीयांच्या विशेष वाट्याचे आहे. बॅटरीतील आम्लाची वाफ तांब्यावर बसली की निळसर-हिरवे मोरचूद तयार होते. शिशाच्या टोकावर पांढरी भुकटी साठते. त्यात आमच्या हवेतील खार आणि वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर कोसळणारा पाऊस यांची भर पडते. कंदिलाच्या वातीत तेल चढावे तसे आम्ल तारांच्या जुडग्यातून आवरणाच्या आत चढत जाते आणि बाहेरून केबल धडधाकट दिसत असताना आतून तिची माती होते. लोकसंख्येच्या मानाने देशात सर्वाधिक वाहने बाळगणाऱ्या राज्यांत गोव्याची गणना होते. तेव्हा असल्या कुजत चाललेल्या शिरा किती अंगणांत उभ्या असतील, याचा वाचकांनीच विचार करावा.

घरी परतल्यावर एका रविवारी आम्ही ते काम अंगावर घेतले. शर्टाच्या बाह्या सरसावून, पाना हाती घेऊन बॉनेटपाशी उभे राहिलो, तोच शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ कुंपणापलीकडून काळजीने विचारते झाले, ‘मेस्ताक आपोवप सोडून तुमी हें कितें करतात?’ प्रश्न आपुलकीचा होता. पण त्यात आमच्या समाजाचा एक जुना समजही दडलेला होता. तेलकट काम करायला मेस्त असतो, वायरमन असतो. सुशिक्षिताने हात काळे करावयाचे नसतात, असा तो समज होय.

काम तसे साधे आहे. मात्र त्याला एक क्रम आहे आणि तो क्रम सोडून चालत नाही. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी आणि दहा मिनिटे थांबावे. बोटातील अंगठी, मनगटावरचे घड्याळ, हातातील बांगड्या उतरवून ठेवाव्यात. सोन्याच्या अंगठीतून बॅटरीचा प्रवाह वाहिला तर बोट जागच्या जागी भाजते. गाडी मोकळ्या हवेत असावी आणि जवळपास विडी-काडी नसावी, कारण भरली जात असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि एवढीशी ठिणगी त्याला पुरते. नंतर ऋण टोकाची, म्हणजे सांगाड्याला जोडलेली काळी केबल प्रथम सोडवावी आणि मग धन टोकाची लाल. हा क्रम का? गाडीचा सारा लोखंडी सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. लाल केबल आधी सोडवू गेलात आणि पाना चुकून बॉनेटच्या पत्र्याला टेकला, तर बॅटरीची सगळी शक्ती त्या पान्यातून धावते. काळी केबल आधी सुटली असेल, तर पाना टेकला तरी मंडळ पुरे होत नाही. जोडताना हाच क्रम उलटा: लाल आधी, काळी शेवटी.

बॅटरीच्या टोकांवरील भुकटी काढण्यासाठी पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशाने घासावे. सोडा आम्ल मारतो. ते पाणी बॅटरीच्या घरांत उतरू देऊ नये. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे असावेत. नवी केबल जुनीएवढ्याच लांबीची आणि तेवढ्याच किंवा अधिक जाडीची घ्यावी. घरातील दिव्यांची दीड चौरस मिलिमीटरची तार येथे कुचकामी आहे. लहान मोटारीला पंचवीस-पस्तीस चौरस मिलिमीटरांची तांब्याची केबल लागते. ही केबल दुकानातूनच दोन्ही टोके यंत्राने दाबून पक्की केलेली मिळते, तीच घ्यावी; पक्कडीने चेपलेले टोक पहिल्याच पावसाळ्यात दगा देते. काळ्या केबलचे दुसरे टोक जेथे सांगाड्याला वा इंजिनला बोल्टने कसलेले असते, ती जागा रंग व गंज खरवडून चकचकीत करावी. पुष्कळदा खरे दुखणे तेथेच असते आणि तेथेच कोणी पाहत नाही. केबल सायलेन्सरच्या नळाला किंवा पत्र्याच्या धारेला घासणार नाही, अशी जुन्याच वाटेने न्यावी. बॅटरीचे धन टोक ऋण टोकापेक्षा किंचित जाड असते. तरीही खुणा दोनदा पाहाव्यात. शेवटी सांध्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवला की खारी हवा दूर राहते. आम्हा नवशिक्यांना या साऱ्याला तास-सव्वा तास लागला. किल्ली फिरवताच इंजिनने जो हुंकार दिला, त्याचे सुख विकत घेतलेल्या कोणत्याही सेवेने आम्हांला आजवर दिले नव्हते.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. आजच्या गाड्या संगणकांनी भरलेल्या आहेत. अनाडी हातांनी काही बिघडले तर? ही शंका रास्त आहे. पुष्कळ नव्या गाड्यांत ऋण टोकाच्या चिमट्यावरच प्रवाह मोजणारे उपकरण बसवलेले असते. तेथे हात घालू नये. विजेवर चालणाऱ्या आणि संमिश्र गाड्यांतील नारिंगी रंगाच्या केबलमध्ये प्राणघातक दाब असतो. तिला घरी स्पर्शही करता कामा नये. आपली मर्यादा ओळखणे हाही ज्ञानाचाच भाग आहे आणि ती मर्यादा आत डोकावल्याशिवाय कळत नाही. जो कधीच बॉनेट उघडत नाही, त्याला कोठे थांबावे हेही ठाऊक नसते. शिवाय कुजलेली केबल तशीच ठेवणे हे काही सुरक्षित नव्हे. तापलेल्या सांध्यातून आणि फाटलेल्या आवरणातून गाडी पेट घेऊ शकते.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा. सर्वांनीच आपली कामे आपण केली तर कारागिरांनी काय करावे? आम्हांला वाटते की खऱ्या कारागिराला जाणत्या गिऱ्हाइकाची भीती नसते. उलट त्याची कदर तेच गिऱ्हाईक करते. उज्जैनच्या त्या वृद्ध वायरमनची योग्यता आम्हांला त्या दिवशी पटली. ती किती मोठी होती हे स्वतः पाना धरल्यानंतर उमगले. जाणत्या गिऱ्हाइकामुळे पोट मारले जाते ते, न पाहताच ‘बॅटरी गेली’ म्हणून सांगणाऱ्याचे. आमची फसवणूक झाली की त्या कारागिराचे अज्ञान आड आले, हे आम्ही ठरवू शकत नाही, कारण त्या वेळी आम्हीही तितकेच अज्ञानी होतो. अज्ञानी माणसाला फसवणूक आणि चूक यांतला फरकही करता येत नाही, ही खरी नामुष्की आहे.

या नामुष्कीला आणखी एक बाजू आहे. अशी धडधाकट बॅटरी टाकून दिली जाते तेव्हा काही किलो शिसे अकारण कचऱ्यात जमा होते. जुन्या बॅटऱ्या उत्पादकांनी गोळा करून त्यांवर रीतसर प्रक्रिया करावी, यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली नियम केले. तरीही उघड्या भट्ट्यांवर शिसे वितळवणे पुरते थांबलेले नाही; आणि शिशाचा विषार सर्वांत आधी लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतो. एका केबलचे निदान चुकल्याचा भुर्दंड असा कोणत्या तरी अनोळखी वस्तीतील लेकराला बसतो. खिशाला बसलेली चाट त्यापुढे काहीच नव्हे.

मोटारीच्या आरंभकाळात गाडीवाल्याला असे अनभिज्ञ राहणे परवडत नसे. पुढून लोखंडी हँडल घालून, मनगटाच्या बळावर इंजिन फिरवावे लागे. उलटा झटका बसला तर हात मोडे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने विजेचा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ साली तो कॅडिलॅक गाड्यांत बसवला गेला, तेव्हा ही यातायात संपली. ही मोठीच सोय झाली आणि तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण हँडल सुटले तसा यंत्राशी असलेला हाताचा संबंधही सुटला. किल्ली फिरवणाऱ्या बोटाला, आपल्या आणि इंजिनच्या मध्ये एक तांब्याची शीर आहे आणि तिलाही म्हातारपण येते, याची आठवण राहिली नाही.

उज्जैनमध्ये सक्तीने लाभलेल्या त्या दोन दिवसांत आम्ही गाव पायी हिंडलो. सतराशेवीसच्या दशकात सवाई जयसिंहाने उभारलेली तेथील वेधशाळा पाहिली. सम्राट यंत्र, नाडीवलय यंत्र, दिगंश यंत्र ही चुन्यादगडांची यंत्रे पुढे मोडकळीस आली होती. गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांच्या आग्रहावरून माधवराव शिंदे यांनी १९२३ साली त्यांची दुरुस्ती करवली आणि आपटे त्या वेधशाळेचे पहिले अधीक्षक झाले. ग्रहगणिताचा हा पंडित ‘यंत्रे जुनी झाली, नवी आणा’ असे म्हणाला नाही. बिघडले कोठे आहे ते त्याने पाहिले. आज शंभर वर्षांनंतरही त्या सम्राट यंत्राच्या सावलीवर वेळ वाचता येते. महाकालाचे आजचे मंदिरही जीर्णोद्धाराचेच फळ आहे. उद्ध्वस्त झालेले ते देवालय अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी पुन्हा उभारले. रामचंद्रबाबा कोकणपट्टीतील सारस्वत, म्हणजे आमच्याच किनाऱ्याचे. ज्या ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला आम्ही जातो, त्याच्या शिखरावर आमच्या किनाऱ्याच्या माणसाने केलेल्या दुरुस्तीची छाया आहे, हे त्या दर्शनाला जाणाऱ्या किती गोमंतकीयांना ठाऊक असते? गोमंतकातील आमची दैवते तर स्थलांतर करून, नव्या देवळांत पुन्हा प्रतिष्ठापित होऊनच टिकली. जीर्णोद्धार या शब्दाचे मोल आम्हांला कोणी शिकवावे लागू नये.

देवळाचा जीर्णोद्धार आणि गाडीची केबल यांची सांगड घालणे कोणास थट्टेचे वाटेल. दोहोंच्या मोठेपणात आकाशपाताळाचे अंतर आहे, हे आम्हीही जाणतो. परंतु वृत्ती एकच आहे. जे आपल्या हाती आहे त्याची झीज वेळेवर ओळखावी, नेमके जीर्ण झाले असेल तेवढेच बदलावे, बाकीचे सांभाळावे आणि हे करताना आपले हात लावायला लाजू नये, ही ती वृत्ती. ती लहान कामात मुरली नाही तर मोठ्या कामात आयत्या वेळी कोठून येणार?

२०२८ साली चैत्र-वैशाखात उज्जैनला सिंहस्थ भरेल. २०२२ साली महाकाल लोक खुला झाल्यापासून तेथील यात्रेकरूंचा ओघ वाढलाच आहे आणि आपली गाडी घेऊन माळव्याची वाट धरणारी गोमंतकीय कुटुंबेही थोडी नाहीत. माळव्यातील त्या दिवसांचा उन्हाळा बॅटरीला आणि केबलला आमच्या पावसाळ्याइतकाच जाचक असतो. यात्रा नेणाऱ्या देवस्थानांनी आणि मंडळांनी प्रस्थानापूर्वी एखाद्या रविवारी मांडवात गाड्या उभ्या करून, जाणत्या कारागिराला मानधन देऊन, यात्रेकरूंकडून बॉनेट उघडवून घ्यावे. फर्मागुडीसह राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी सुट्टीच्या दिवशी नागरिकांसाठी असे वर्ग चालवले तर ते लोकोपयोगी ठरतील. वाहन चालवण्याचा परवाना देताना सिग्नलच्या खुणा विचारल्या जातात. बॅटरीचे कोणते टोक आधी सोडवावे, हेही विचारायला हरकत नाही. या वर्गांना मुलींनाही आवर्जून आणावे. रात्री-अपरात्री एकटीने गाडी चालवणाऱ्या लेकीला या विद्येची गरज कोणाहून कमी नाही.

सरकारने आणि संस्थांनी काही केले नाही तरी एक गोष्ट प्रत्येकाच्या हाती आहेच. येत्या खंडेनवमीला गाडीला माळ घालण्यापूर्वी बॉनेट उघडावे. केबलच्या टोकांवर हिरवी-पांढरी भुकटी दिसते का पाहावे, चिमटा हाताने हलतो का पाहावा, आवरण कोठे फुगले वा तडकले आहे का पाहावे. एवढे पाहायला पाच मिनिटे लागतात. काही आढळले तर स्वतः बदलावे. धीर होत नसेल तर कारागिराला बोलावून शेजारी उभे राहावे आणि तो काय करतो ते नीट बघावे. मग हातपाय धुऊन हळदकुंकू वाहावे. त्या दिवशी हाताला काळे लागले म्हणून देव पूजा नाकारणार नाही.